हिवरडोहचा मेमो

“आजी, तिसरी चक्कर आहे ही. तुम्हाला उतरायचं तरी कुठे?”

खिडकीशी बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू डोकं माझंच फिरलंय. मांडीवर रिकामी टोपली, टोपलीत गुंडाळलेलं फडकं, आणि चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही.

“गाव आलं की उतरीन ना व माय,” ती म्हणाली. “तू त नावच नाई घेतलं अजून.”

“कुठलं गाव?”

“हिवरडोह. दुसरं कोनतं राह्यते इथं?”

मी खिशातली थांब्यांची यादी काढली. मंत्रालय, विधान भवन, प्राधिकरण कार्यालय, मग सेक्टर एक, दोन, तीन, करत करत एकतीस. हिवरडोह कुठेच नव्हतं. मी पुढे जाऊन ड्रायव्हर शब्बीरभाईंना विचारलं, तर ते आरशातूनच हसले.

“अरे, बावीस ना ते! सकाळपासून तीनदा थांबलो आपण तिथे. तूच तर ओरडत होतीस, सेक्टर बावीस, सेक्टर बावीस.”

ओरडत होते ना! नवी नवी नोकरी, घसा खरवडून ओरडत होते. आणि ही बाई सकाळी नऊला भाजी विकून बसली, ती बारा वाजेपर्यंत शहराला प्रदक्षिणा घालत होती. कोणी तिच्या गावाचं नावच घेतलं नाही, म्हणून.

“आजी, खिडकीतून दिसलं नाही का हो तुम्हाला गाव?”

“काय दिसन? पयले हिवराचं झाड दिसे. परवाच्या दिवशी तोडलं त्याइनं. आता समदं येकसारखंच दिसते बाप्पा.”

त्यात काही खोटं नव्हतं. आमची राजधानी तेव्हा नवी कोरी होती. कोण्या हुशार माणसाने कागदावर कंपास फिरवून आखलेली. प्रत्येक चौकात तेच कारंजं, लोखंडी पिंजऱ्यात तीच गुलमोहराची रोपं, आणि पाठीमागे तेच पिवळे क्वार्टर. सेक्टर नऊमधले एक अवर सचिव एकदा सेक्टर एकोणीसमध्ये भलत्याच घराच्या कुलपात चावी फिरवत उभे होते, आणि आतून कुणाची तरी सासू ‘चोर, चोर’ म्हणून ओरडत होती. शिकलेल्या माणसाची ही गत, तर बयनाबाईचं काय घेऊन बसलात!

बयनाबाई हे तिचं नाव. चौथ्या फेरीला मी बावीसच्या अलीकडेच दारात उभी राहिले आणि पोटातून आवाज काढला, “हिवरडोऽऽह! हिवरडोहवाले उतराऽऽ!” म्हातारी टुणकन उठली. तिच्यामागे आणखी सात-आठ माणसं उठली. ती रोजच उतरायची, पण त्या दिवशी उतरताना हसत होती. एक पागोटेवाला तर मला रामराम घालून गेला.

त्या दिवसापासून मी तेच नाव पुकारायला लागले. आणि एकदा तोंडात बसलं की हातातही बसतं. आमच्याकडे वेबिल, म्हणजे मार्गपत्रक, नावाचा एक कागद असतो. दर थांब्याला कंडक्टरने त्यावर थांब्याचं नाव आणि पुढच्या तिकिटाचा नंबर लिहायचा. धावत्या गाडीत, एका हाताने दांडा धरून. मी ‘सेक्टर २२’च्या जागी ‘हिवरडोह’ लिहू लागले. मुद्दाम वगैरे काही नाही हो, तोंडाने एक म्हणायचं आणि हाताने दुसरं लिहायचं, एवढी सवड कुणाला होती? चेकर यायचे, नंबर बघायचे, झोकात सही ठोकायचे. थांब्याचं नाव वाचतो कोण! अशी तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत हिवरडोह मात्र आक्रसत गेलं. शेतं तर राजधानी आखली तेव्हाच गेली होती. आता पिवळ्या क्वार्टरांच्या मागे साठ घरं, एक मारुतीचं देऊळ आणि एक विहीर, एवढंच उरलं होतं. तिथले माजी सरपंच देवराव लांजेवार, तोच तो पागोटेवाला, माझ्या गाडीने रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयात जायचे. माणूस मोठा हौशी. राजधानी जाहीर झाली तेव्हा यांनीच गावात पेढे वाटलेले. आणि पेढे वाटून थांबले नाहीत. आता आपण राजधानीवाले झालो, खेड्याचं नाव कशाला मिरवायचं, म्हणून स्वतः पुढाकार घेऊन, शिबिर भरवून, गावातली झाडून सगळी रेशनकार्डं, मतदार ओळखपत्रं, शाळेचे दाखले, सगळ्यांवर ‘सेक्टर २२, राजधानी’ असं करून घेतलं होतं. शाळेची पाटीसुद्धा बदलली.

एका मंगळवारी देवराव गाडीत चढले, ते तोंड पाडूनच.

“काय हो सरपंच, आज तिकीट न घेताच बसता का?” मी टोमणा मारला.

“कायचं तिकीट व पोरी. आमचंच तिकीट कटलं.”

प्रकार असा होता. शहराचा पक्का आराखडा मंजूर व्हायचा होता. त्यात सेक्टर बावीसमध्ये साठ घरांच्या जागी बगीचा दाखवला होता, आणि बगीच्याला एका मंत्र्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव. गावाने हरकत घेतली. सुनावणीत अधिकारी म्हणाले, नियम सरळ आहे. चालू वस्ती असेल तर ती गावठाण म्हणून आराखड्यात धरावी लागते. पण हिवरडोह नावाची वस्ती आज चालू आहे, असा गेल्या तीन वर्षांतला एक तरी सरकारी कागद दाखवा. नाहीतर साठही घरं अतिक्रमण.

“मग दाखवा ना!”

“कोनता दाखवू? समदे कागद म्याच त बदलवले!” देवरावांनी कपाळावर हात मारून घेतला. गाडीत दोघे-तिघे हसले. “गुरुवारी अकरा वाजेलोक मुदत हाय.”

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या आठवड्यात माझीच पाचावर धारण बसली होती. कारण मला मेमो मिळाला होता.

झालं काय, की त्याच मंत्र्यांच्या स्वीय सहायकाची जीप पंधरा दिवसांपूर्वी बंद पडली आणि बुवा माझ्या गाडीत चढले. बावीसला मी सवयीने ‘हिवरडोऽऽह’ केलं. बुवांनी कान टवकारले. “काय म्हणालात? असा थांबाच नाही या मार्गावर!” मी म्हटलं, “थांबा आहे की साहेब, हे बघा लोक उतरतायत.” माझी जीभ ही अशी. संध्याकाळपर्यंत आगारात तक्रार. दुसऱ्या दिवशी एक चेकर बावीसला उभा राहून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना गावाचं नाव विचारून आला. वेबिलं बाहेर निघाली. तीन वर्षांचे गठ्ठे. प्रत्येकावर माझ्या अक्षरात हिवरडोह, हिवरडोह, हिवरडोह.

आमचे आगार व्यवस्थापक मुळावकर साहेब म्हणजे अतिशय काटेकोर माणूस. टाचणीसुद्धा तिरकी लावलेली चालायची नाही. त्यांनी दोन पानी मेमो काढला, जावक क्रमांक, शिक्का, सगळं साग्रसंगीत. खुलासा सात दिवसांत द्या. त्याच शनिवारी कायम करायच्या कर्मचाऱ्यांची यादी वर जायची होती आणि तीत माझं नाव होतं. मी तेव्हा रोजंदारीवर. घरात आई, शिकणारी धाकटी बहीण, आणि भाड्याची एक खोली, जिच्या घरमालकाने दिवाळीपर्यंत जागा सोडा म्हणून सांगितलेलं. कायम झाले की क्वार्टर मिळणार होता. तोच पिवळा, सगळ्यांसारखा. पण आईने त्यात तुळस कुठे ठेवायची हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

बुधवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“इंदू काळमेघ, बिल्ला नंबर दोनशे चौदा,” ते म्हणाले, जणू मला माझंच नाव माहीत नाही. “काम चांगलं आहे तुमचं. एक सांगतो. उद्या बारापर्यंत तुमच्याकडची मेमोची मूळ प्रत घेऊन या, सोबत दोन ओळींचा माफीनामा. मी तुमची प्रत आणि माझी प्रत, दोन्ही फाडतो. कागद राहिला नाही की गुन्हा राहिला नाही. शनिवारची यादी शनिवारी जाईल.”

“साहेब, तुमचे फार उपकार...”

“उपकार नकोत. यापुढे सेक्टर बावीस म्हणा.”

मी अक्षरशः उड्या मारत घरी गेले. आईने शिरा केला.

गुरुवारी सकाळी दहाच्या फेरीला बावीसला गाडी थांबली, तर थांब्यावर अख्खं गाव. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे सुनावणीला निघालेले. मी “सेक्टर बावीस” म्हणाले. हळूच म्हणाले. चढताना बयनाबाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिकिटांची पेटी उगाच नीट करत बसले.

ती पुढच्या सीटवर बसली आणि मला बोलावून घेतलं. टोपलीतल्या फडक्यात आज भाजी नव्हती, कागद होते.

“तुले वाचता येते व माय. पाय बरं, याच्यात कुठी लिवलं हाय का आपलं नाव. देवराव पाहून रायला दोन दिवसांपासून, पन त्याच्या डोळ्याइले पानी येते.”

मी वाचायला घेतलं. गॅसचं कार्ड, सेक्टर बावीस. नातवाचा लसीचा कागद, सेक्टर बावीस. दवाखान्याची चिठ्ठी, विजेचं बिल, सेक्टर बावीस, सेक्टर बावीस. एक कागद जुना होता, सासऱ्यांच्या नावचा, त्यावर ठसठशीत हिवरडोह होतं, पण तो चाळीस वर्षांपूर्वीचा.

“नाही ना आजी.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फडक्याला परत गाठ मारू लागली. गाठ मारताना म्हणाली, “कोनी लिवलंच नसन. नुसती तूच बोले.”

नुसतं बोलले नव्हते मी. लिहिलं होतं. तीन वर्षं, रोज आठ फेऱ्या. आणि ते मी लिहिलं आहे, हे सरकारी कागदावर, सरकारी शिक्क्याने, जावक क्रमांकासहित लिहून दिलेलं होतं. तो कागद माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता, माफीनाम्याच्या घडीत.

मला कुणी शूर समजू नका. पुढचे चार थांबे मी स्वतःशी भांडत होते. वेबिलं दाखवता येतील, असं आधी मनात आलं, पण ती आगारात कुलपात. बारा वाजता हा मेमो फाटला की तीही रद्दीत. आणि हा मेमो नाही फाटला, तर आईची तुळस गेली. देवा, दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत टाकायचा होतास की रे हा कागद, असं मी अगदी मनापासून म्हणाले.

प्राधिकरण कार्यालयाचा थांबा आला. गाव उतरलं. मी घंटीच्या दोरीला हात घातला आणि हात तिथेच राहिला.

“काय झालं?” शब्बीरभाईंनी मान वळवली.

“भाई, पंधरा मिनिटं गाडी थांबेल का?”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मेमोची गोष्ट त्यांना ठाऊक होती, आगारात कुणाला नव्हती? काही न विचारता त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरून पुढचं झाकण उघडलं आणि मोठ्याने म्हणाले, “लोकहो, इंजिन गरम झालंय. बाई पाणी आणायला जातेय!”

इंजिन थंडगार होतं. मी धावत सुटले.

तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सुनावणी संपतच आली होती. अधिकारी पेनाला टोपण लावत होते. तो स्वीय सहायक पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. देवराव उभे होते, हात जोडून.

“साहेब, कागद आहे!” मी दारातूनच ओरडले. सवयच तशी, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायला हवं.

अधिकाऱ्यांनी मेमो घेतला. आधी मनात वाचला. मग चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचला:

“‘सदर वाहक यांनी गेली तीन वर्षे सेक्टर २२ या थांब्याची नोंद मार्गपत्रकात हिवरडोह अशी केलेली आहे. तसेच सदर थांब्यावर नित्य चढणारे-उतरणारे प्रवासीही आपल्या वस्तीचे हेच नाव सांगतात, असे प्रत्यक्ष तपासणीत आढळून आले...’ बाई, हा तुमच्याविरुद्धचा मेमो आहे.”

“हो साहेब.”

“म्हणजे शिक्षा व्हायचीय अजून.”

“हो.”

स्वीय सहायक ताडकन उठला. “अहो, हा गैरवर्तनाचा कागद आहे! हा पुरावा कसा होईल?”

“गैरवर्तन कोणी केलं ते परिवहनवाले बघतील,” अधिकारी म्हणाले. “वस्ती चालू आहे, लोक त्या नावाने राहतायत, हे आगाराने तपासून लिहून दिलंय. शिक्का आहे, तारीख आहे. मला एवढंच हवं होतं.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मूळ प्रत इथे ठेवावी लागेल. परत मिळणार नाही. चालेल?”

मी बयनाबाईकडे पाहिलं. तिला यातलं अर्धंही कळलं नव्हतं. ती नुसती हिवरडोह, हिवरडोह ऐकून खूश होऊन बसली होती.

“ठेवा,” मी म्हणाले. माझा आवाज पहिल्या सीटपर्यंतसुद्धा गेला नसेल.

बारा वाजता मुळावकर साहेबांपुढे मी रिकाम्या हाताने उभी. त्यांनी हात पुढे केला.

“मेमो?”

“जमा केला, साहेब.”

“कुठे?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मग आता माफीनाम्याचा उपयोग नाही,” ते म्हणाले. “नियमाप्रमाणे खुलासा लिहा. तीन वर्षं असं का केलंत, त्याचं कारण.”

तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून मी लिहायला बसले. खूप काही लिहायचं मनात होतं. पण साहेब घड्याळ बघत होते, आणि मला रडू येत होतं, म्हणून एकच ओळ लिहिली: ‘महोदय, त्या बाईला तिथे उतरायचं होतं.’ खाली सही, बिल्ला नंबर. साहेबांनी वाचलं, खणात टाकलं, आणि म्हणाले, “जा.”

शनिवारची यादी लागली. माझं नाव नव्हतं. मी मुळावकर साहेबांना काय काय म्हटलं असेल! तोंडावर नाही, मनात. आईने फक्त पुन्हा शिरा केला नाही. आम्ही खोली बदलली, आणखी लांब गेलो. महिन्याभरात मुळावकरांची कुठेतरी टोकाला बदली झाली, तर मी म्हटलं, बरं झालं. मी पुढे दीड वर्षाने कायम झाले, दुसऱ्या आगारात, लांब पल्ल्याच्या गाड्यांवर.

आराखडा छापून आला तेव्हा देवरावांनी या वेळी मुद्दाम पेढे वाटले नाहीत. नकाशात बावीसच्या पोटात एक छोटासा तुकडा, आणि मुंगीएवढ्या अक्षरात ‘हिवरडोह गावठाण’. बयनाबाईचं बोट धरून मी ते तिथे टेकवलं होतं. “एवढंसंच?” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ बोट काही उचललं नाही तिने.

ही झाली सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ती आज का सांगतेय? तर मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. सेवापुस्तक तपासून सही करायची म्हणून मुख्य कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्क मुलीने जाडजूड फाईल पुढ्यात टाकली. पानं उलटता उलटता माझा तो खुलासा निघाला. पिवळा पडलेला. माझ्या एका ओळीखाली हिरव्या शाईत, टाचणीसारख्या सरळ अक्षरात शेरा होता:

‘खुलासा समाधानकारक. थांब्याचे नाव बरोबर आहे. कारवाई नको. कायम करण्याची शिफारस. — मुळावकर.’ तारीख त्याच गुरुवारची.

त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या हातचं, लाल शाईत: ‘शिफारस अमान्य. आगार व्यवस्थापकांची बदली प्रस्तावित.’ तारीख शनिवारची.

क्लार्क मुलगी दोनदा म्हणाली, “मॅडम, सही.” सत्तावीस वर्षं मी त्या भल्या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. मला माझीच लाज वाटली, अशी की बसल्या जागी कान गरम झाले.

“हे मुळावकर साहेब...” मी कसंबसं विचारलं. “आहेत का हो?”

“आहेत की! दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला घेऊन येतात. टाचणी तिरकी लावली म्हणून ओरडतात आम्हाला.” तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “मागच्या वर्षी मुलीकडे राहायला आलेत. पत्ता लिहून घ्या. हिवरडोह, बस थांब्यासमोर.”

मी सही केली आणि बाहेर येऊन माझ्याच जुन्या मार्गावरची दोन नंबरची गाडी पकडली. कंडक्टर पोरगी अगदी कोवळी होती. तिने विचारलं, “काकू, कुठे?”

मला तिथे उतरायचं होतं.